काही सांगितलं नसेल तर

रंजनानं पंपाच्या पेटीचं झाकण उघडलं, आतली बारीक हिरवी दिवी पेटलेली पाहिली आणि पाना परत दिपेशच्या हातात दिला. दिवी पेटली होती म्हणजे वीज होती. वीज होती, ऊन होतं, सौरपंप धडधाकट होता, आणि तरीही वांगणीच्या त्या टाकीत ऐन शिमग्यात पाण्याचा थेंब चढला नव्हता.

टाकीखाली हंडे रांगेनं मांडून बायका करंजाच्या सावलीला बसल्या होत्या. आत्ताच्या आत्ता हंडे मांडण्यात काही अर्थ नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं, पण जव्हारहून संस्थेची माणसं आली म्हटल्यावर काहीतरी मांडून ठेवायला हवंच. त्यांच्यातली रुपी नावाची म्हातारी उठून पेटीपाशी आली आणि तिनं आत डोकावून पाहिलं.

"बाय, पयले आमी हातान बटन दाबत होतू," ती म्हणाली. "तवा पानी येत होता. आता पेटी सोताच सगला करते, असा तुमीच सांगला. मंग करत का नाय?"

प्रश्न इतका बिनतोड होता की दिपेशनं घाईघाईनं केबल शोधायला पिशवीत डोकं घातलं. एरवी अशा वेळी रंजना दोन शब्द बोलली असती, म्हातारीला हसवलंही असतं. आता ती नुसती तिच्या तोंडाकडं बघत राहिली. गेल्या श्रावणापासून तिचं असंच झालं होतं. समोरचं माणूस बोलायचं, शब्द कानापर्यंत नीट यायचे, आणि उत्तर द्यायचं काम दुसरंच कुणीतरी करणार आहे असं तिला वाटत राहायचं. ते दुसरं कुणी कधी आलं नव्हतं.

दिपेशनं केबल शोधून तिच्या हातात दिली. तिनं पेटीला लॅपटॉप जोडला. पेटीच्या पोटात तळहातावर मावेल एवढा संगणक होता. टाकी भरली की पंप बंद करायचा, उतरली की चालू करायचा आणि पाणी किती आहे ते ऑफिसला कळवायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठीचा प्रोग्राम रंजनानं लिहिला होता. पण तो त्या चिमुकल्यावरच बांधायला, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणायला, बसलं तर अख्खा दिवस जायचा, म्हणून लॅपटॉपवर बांधायचा आणि फोनच्या नेटवर्कवरून पेटीला धाडायचा, अशी पद्धत होती. गोम एवढीच, की लॅपटॉपच्या प्रोसेसरला जी बोली कळते ती पेटीच्या प्रोसेसरला कळत नाही. बांधतानाच बजावून सांगावं लागतं, की बाबा, हे तुझ्यासाठी नाही, त्या पेटीसाठी बांध. याला क्रॉस-कंपाइल करणं म्हणतात, आणि नाव मोठं असलं तरी दिवसातनं चार वेळा करायचं काम आहे.

पडद्यावर पेटीची तक्रार उमटली. मला दिलेली ही फाइल माझ्या जातीची नाही, असं ती कालपरवापासून दर मिनिटाला म्हणत होती. ऐकायला कुणी नव्हतं.

"नवीन व्हर्जन तू बांधलंस?" रंजनानं विचारलं.

"हां. तू नव्हतीस ना. नवा लॅपटॉप आलाय, त्याच्यावर बांधलं." दिपेश खाली बसला. "सगळ्यात आधी वांगणीलाच पाठवलं आणि गेलो घरी होळीला."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पाठवलेलं पोचलं का, चाललं का, हे बघायला तो थांबला नव्हता. त्याच्या पाड्यावर ढोल वाजायला लागला होता.

"टार्गेट काय दिलं होतंस?"

"टार्गेट?" दिपेशनं तिच्याकडं पाहिलं. "ते कुठं द्यायचं असतं? मी तुझीच स्क्रिप्ट चालवली. एरर पण नाय आली काय."

स्क्रिप्टचं काय झालं असेल ते रंजनाला कळलं होतं. टार्गेट हे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होतं, म्हणजे आज्ञा लिहायची टर्मिनलची खिडकी उघडल्याबरोबर तिच्या भोवती हजर असणारं एक नाव आणि त्या नावाला दिलेली किंमत. स्क्रिप्ट, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, कामाला लागली की आधी ते नाव बघायची आणि त्यात लिहिलेल्या यंत्रासाठी प्रोग्राम बांधायची. संस्थेत नवी नवी लागली तेव्हा रंजनानं आपल्या लॅपटॉपवर ते एकदा कायमचं लिहून ठेवलं होतं आणि मग ती स्वतःही विसरून गेली होती. स्क्रिप्ट दर वेळी बरोबर चालत गेली. सगळ्यांना वाटायचं, स्क्रिप्टला कळतं. स्क्रिप्टला काही म्हणता काही कळत नव्हतं. दिपेशच्या कोऱ्या लॅपटॉपवर ते नाव रिकामं होतं, तेव्हा स्क्रिप्टनं, ती ज्या यंत्रावर बसली होती त्याच यंत्रासाठी निमूटपणे प्रोग्राम बांधून दिला. काही सांगितलं नसेल तर काय करायचं, हेही रंजनानंच तिला लिहून दिलेलं होतं.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

तिनं आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम पुन्हा बांधायला लावला. ते होईपर्यंत दोघं टाकीच्या पायाशी टेकून बसले. झालं तेव्हा तिनं तो केबलनंच पेटीत घातला, पेटी बंद करून चालू केली, आणि खाली ओहोळाच्या बाजूनं पंपाचा घुर्र असा आवाज आला. पाइपातून आधी हवा खोकली, मग पाणी. बायका उठल्या. रुपी म्हातारीनं पेटीकडं वळूनही पाहिलं नाही, तिनं हंडा नळाखाली सरकवला. तिच्या दृष्टीनं एवढंच व्हायला हवं होतं.

"आता एक कर," दिपेश म्हणाला. तो आता खुलला होता. "स्क्रिप्टमध्येच या पेटीचं नाव डिफॉल्ट टाकून दे. कोणी काय नाय सांगितलं तरी पेटीसाठीच बांधेल. कटकट नको."

"पोशेऱ्याला नव्या पेट्या बसवायच्यात. त्यांचा प्रोसेसर वेगळा आहे."

"मग त्यांच्या वेळेला सांगायचं."

"आणि विसरलं तर?"

दिपेशनं खांदे उडवले. विसरलं तर काय होतं ते समोर हंडे घेऊन उभंच होतं.

रंजनानं दिपेशचा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि स्क्रिप्ट उघडली. एका ओळीत महिरपी कंसात टार्गेट लिहिलं होतं, त्याच्यापुढं कोलन, त्याच्यापुढं एक आडवी रेघ. त्या रेघेचा अर्थ असा, की काही सांगितलं नसेल तर पुढं लिहिलंय ते धर. तिथंच रेघेऐवजी प्रश्नचिन्ह ठेवलं, तर काही सांगितलं नसेल तिथं स्क्रिप्ट थांबते आणि का थांबली ते सांगते. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तेव्हा रेघ सोयीची वाटली होती. तिनं रेघ खोडली, प्रश्नचिन्ह ठेवलं आणि पुढं मराठीतच लिहिलं, 'कोणासाठी बांधायचं ते आधी सांगा.' मग तिनं स्क्रिप्ट चालवून पाहिली. ती एक पाऊलही पुढं गेली नाही. तेवढं एक वाक्य दाखवून थांबली.

"ही दर वेळेला अशी अडून बसणार?" दिपेश म्हणाला.

"बसू दे."

त्यानं केबल गुंडाळून पिशवीत ठेवली. दोघं एकाच वर्षी जव्हारच्या कॉलेजातून बाहेर पडलेली, एकमेकांच्या घरचं सगळं माहीत असलेली.

"उद्या बैठक आहे ना तुझी?" त्यानं विचारलं. "काय सांगणार?"

"माहीत नाही."

"तुमच्यात तर गप बसली म्हणजे..."

"हो," रंजना म्हणाली.

तिनं लॅपटॉप मिटला, आणि तिला एकदम भीती वाटली. खरीखुरी. कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी वाटत होतं. भीती तर भीती, पण ती आली याचंच तिला जरा बरं वाटलं.

बैठक कमलेशमुळं होती. तो मोखाड्याकडचा, पोशेऱ्याचा. रंजना बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्यांची सोंगं बघायला गेली असताना दोघांची ओळख झाली आणि पुढच्या भातकापणीनंतर ती त्याच्या घरी राहायला गेली. लग्न पुढं कधीतरी लावायचं होतं. त्यांच्यात बरेच जण तसंच करतात; आधी संसार, मग हळद, कधी कधी तर पोरांच्या लग्नात आईबापांनाही त्याच मांडवात उभं करतात. त्यात वावगं कुणाला वाटत नाही. फक्त एक गोष्ट त्यात राहून जाते, की कुणीही कुणाला चार माणसांदेखत काही विचारलेलं नसतं.

श्रावणात, पाचव्या महिन्यात, रंजनाचं पोट पडलं. पोशेऱ्याच्या घरात सासू होती, हौशी. तिनं जे करायचं ते सगळं केलं. पाणी तापवलं, अंथरूण बदललं, जे निघालं ते फडक्यात गुंडाळून रंजनाच्या दिराच्या हाती दिलं, आणि त्यानं ते वरकस माळावर नेऊन कुठंतरी पुरलं. कुठं ते रंजनाला कुणी सांगितलं नाही. तिनं विचारायला हवं होतं, पण तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. कमलेश बोईसरला कंपनीत होता. फोनवर तो म्हणाला, "आयस हाय ना तठं," आणि ड्यूटीवर गेला. सुट्टीच्या दिवशी आला, गळणारी कौलं सारखी केली, तिच्यासाठी मासळी आणली, आणि परत गेला. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग धरून माणूस उभं तरी राहतं. पण कमलेश दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता, कुणी विचारलं असतं तर त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं तिच्याकडं काहीच नव्हतं. दिवाळीला ती आईकडं जामसरला आली आणि परत गेली नाही. भांडण झालं नाही. तिनं नुसती पिशवी उचलली होती.

शिमग्याला कामासाठी पांगलेली माणसं गावात येतात, म्हणून असल्या बैठका तेव्हाच उरकून घेतात. जामसरला सकूच्या, म्हणजे रंजनाच्या आईच्या, अंगणात दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमली. मध्ये सकूचा भाऊ, लाडक्यामामा. बाजूला पाड्यातले दोन जाणते. समोर हौशी आणि कमलेश. कमलेशनं कंपनीचा टी-शर्ट घातला होता आणि तो हातातला मोबाइल उलटा-सुलटा करत होता. हौशीनं पिशवीतून नवं लुगडं काढलं, सुपात ठेवलं आणि सूप रंजनाच्या पुढ्यात सरकवलं.

त्यांच्या पाड्याची रीत अशी, की न्यायला आलेल्यांनी सुपात लुगडं ठेवायचं आणि मग चहा यायचा. चहा संपेपर्यंत बाईनं सूप मागं ढकललं, तर ती जात नाही. नाही ढकललं, तर तिनं लुगडं घेतलं आणि ती निघाली. बोलायची गरज नाही. पूर्वीच्या लाजऱ्या बायकांसाठी कुणीतरी शहाण्यानं ही सोय केली असणार, आणि सोय करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार.

सकूनं कोरा चहा आणला. लाडक्यामामानं रीतीप्रमाणं घसा साफ केला.

"पोरीचा काय सांगना हाय?" तो म्हणाला, आणि रीतीप्रमाणंच उत्तराची वाट न बघता चहाचा घोट घेतला.

"ती काय सांगल," सकू म्हणाली. "पोऱ्या बेस हाय. पेत नाय, मारत नाय. नसीब हाय तिचा."

"मी तिला पोरीसारखी ठेवली," हौशी म्हणाली. "तिचा सगला करला. सगला. इचारा तिला."

विचारलं कुणी नाही. एक जाणता पावसाच्या अंदाजावर बोलायला लागला. रंजना तोंडात गुळणी धरल्यासारखी बसली होती. लुगडं हिरवं होतं, काठ चांगला होता. तिचे हात मांडीवर पडलेले होते आणि ते आपलेच आहेत हे तिला माहीत होतं. ढकलायचं म्हटलं तर का ढकलते ते सांगावं लागलं असतं, आणि ठेवून घ्यायचं म्हटलं तर काहीच करावं लागत नव्हतं. नुसतं बसून राहायचं. दुपारपर्यंत ती पोशेऱ्याला पोचली असती. हौशीनं भात वाढला असता, आणि उद्या सकाळी कमलेश कामावर गेला असता. हे सगळं तिला इतकं स्पष्ट दिसलं की जणू ते होऊनही गेलं होतं.

लाडक्यामामानं कप तिरका करून तळाचा चहा तोंडात ओतला आणि कप जमिनीवर ठेवला.

"चला," तो म्हणाला. "झाला बेस..."

"मामा, थांबा."

आवाज मोठा नव्हता, पण पावसाबद्दल बोलणारा जाणता मध्येच थांबला.

"काय गं? लुगडा मांगं देतस?"

"नाय."

"मंग घेतलास."

"नाय. घेतला पन नाय."

लाडक्यामामानं इकडंतिकडं पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर असं कुणी केलं नव्हतं, आणि आता काय म्हणायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"असा कसा? दोनातला एक होल."

"मी काय नाय सांगला," रंजना म्हणाली. तिला शब्द एकेक करून ठेवावे लागत होते. "येवढाच झालाय. मी काय नाय सांगला. त्याचा हो नका करू."

"आमी काय कमी केला?" हौशीचा आवाज फुटला. "तवा रातभर मी जागली. तुझा रगत माझ्या हातान धुतला मी."

"ठावं हाय, आये," रंजना म्हणाली. "तू केला. ते मना ठावं हाय."

हौशीनं पदर तोंडाला लावला. सकू चहाचं भांडं हातात धरून दारातच उभी राहिली होती. अंगणातून कुणाचंही कोंबडं गेलं असतं तर सगळ्यांनी त्याच्याकडं आनंदानं पाहिलं असतं, पण तेही गेलं नाही.

कमलेशनं मोबाइल खाली ठेवला.

"मी काय करू मंग?" तो म्हणाला. तो रागावलेला नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "तू सांग. सांगशील ता करीन."

"सांगायचा नाय मना. तू इचार."

"काय इचारू?"

रंजनानं ते सांगितलं असतं तर त्यानं विचारलंही असतं, आज्ञाधारकपणे, आणि मग त्याला काही अर्थ राहिला नसता. तिला आता एवढंच हवं होतं, की हा माणूस तिथं एकटा, कुणी न सुचवता, पोचतो का ते बघायचं. नाही पोचला तर ती सूप ढकलणार होती. हे तिनं या क्षणी ठरवलं, आणि आपण काही ठरवलं याचं तिला आश्चर्य वाटलं.

कमलेश जमिनीकडं बघत होता. त्यानं एक काडी उचलली, मोडली, पुन्हा मोडली. जाणत्यांपैकी एकानं खाकरून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर लाडक्यामामानं हात आडवा केला. कमलेशचे कान लाल झाले होते. चारचौघांत बायकोला काही विचारायची त्याच्या घरात कुणालाच सवय नव्हती.

"तवा," तो म्हणाला आणि थांबला. त्यानं मान वर केली नाही. "तवा लय दुखला का गं?"

हौशीनं तोंडावरचा पदर खाली घेतला आणि पोराकडं पाहिलं.

रंजनाला वाटलं होतं, हे कुणी विचारलं की आपण रडू. रडू आलं नाही. छातीत कुठंतरी कळ आली, मग ती सगळ्या अंगभर पसरली, आणि तिनं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले.

"हां," ती म्हणाली. "अजून दुखतय."

कमलेशनं मान हलवली. पुढं काय विचारायचं ते त्याला सुचत नव्हतं, पण तो उठलाही नाही. लाडक्यामामानं सुपातल्या लुगड्याकडं पाहिलं, दोघांकडं पाहिलं, मग खाली ठेवलेला आपला रिकामा कप उचलून सकूच्या पुढं धरला.

"चहा टाक गं अजून," तो म्हणाला.